औषधाच्या कागदाची परीक्षा

२००६ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. श्रीव्हपोर्ट, शिकागो आणि जॅक्सन या तीन शहरांतल्या दवाखान्यांत आलेल्या ३९५ रुग्णांना औषधाच्या बाटल्यांवरची पाच लेबलं वाचायला दिली गेली. त्यातलं एक अगदी रोजच्या पाहण्यातलं होतं: दोन गोळ्या, दिवसातून दोन वेळा, तोंडाने घ्याव्यात. ज्यांचं वाचन सहावीच्या पातळीपर्यंतच होतं, अशा रुग्णांपैकी ७०.७ टक्के लोकांनी ही सूचना बरोबर सांगितली. मग त्यांना विचारलं गेलं, की दिवसभरात एकूण किती गोळ्या घ्याल ते दाखवा. इथे बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण ३४.७ टक्क्यांवर आलं.

वाचता आलं, बोलून दाखवता आलं, पण करता आलं नाही.

टेरी डेव्हिस, मायकेल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या अभ्यासाने एक जुना समज मोडला. औषधाची माहिती अचूक लिहिली, ती छापली आणि रुग्णाच्या हातात दिली, की लिहिणाऱ्याची जबाबदारी संपली असं धरलं जात होतं. पुढे काही चुकलं तर दोष रुग्णाचा: त्याने नीट वाचलं नाही, तो कमी शिकलेला, तो निष्काळजी. पण कमी वाचन असलेल्यांपैकी दोनतृतीयांश माणसं ज्या सूचनेवर अडखळतात, ती सूचनाच तपासायला हवी. औषधाची रसायनशाळेत चाचणी होते, प्राण्यांवर होते, हजारो रुग्णांवर होते. त्या औषधाबरोबर जाणाऱ्या कागदाची चाचणी कुणी घेतो का?

काही देशांत ती घेतली जाते. तिची पद्धत ठरलेली आहे, पास-नापासाचे आकडे ठरलेले आहेत, आणि युरोपात तर ती कायद्यानेच बंधनकारक आहे. या चाचणीत परीक्षेला बसतो तो कागद. रुग्ण असतो परीक्षक.

सूत्रांनी न सुटलेला प्रश्न

लिखाण सोपं आहे की अवघड, हे मोजण्याची सूत्रं विसाव्या शतकाच्या मध्यापासून वापरात आहेत. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली मांडलेलं सूत्र त्यात सर्वांत प्रसिद्ध. वाक्यं किती लांब आहेत, शब्दांत अक्षरावयव किती आहेत, याची मोजदाद करून ते मजकुराला गुण देतं. वापरायला सोपं आणि स्वस्त असल्याने अनेक कंपन्या आणि सरकारी खाती बराच काळ त्यावर विसंबून राहिली.

पण सूत्राला कागद दिसत नाही. अक्षर मुंगीएवढं आहे का, महत्त्वाचा इशारा पाठपोट छापलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला तळाशी गेला आहे का, मथळ्यावरून खाली काय असेल याचा अंदाज येतो का, हे त्याला कळत नाही. छोट्या शब्दांचं छोटं वाक्यही संदिग्ध असू शकतं. ‘दिवसातून दोन वेळा’ हे कुठल्याही सूत्राच्या दृष्टीने सोपंच. तरी सकाळी आठ आणि दुपारी बारा हे दोन वेळा चालतील का, याचं उत्तर त्यात नाही.

तज्ज्ञांकडून तपासून घेण्यातही अशीच अडचण येते. डॉक्टर किंवा औषधनिर्माणशास्त्राचे प्राध्यापक मजकुरातली चूक पकडतील, राहून गेलेला दुष्परिणाम दाखवून देतील. मात्र ज्याला विषय आधीच ठाऊक आहे, त्याला तो न कळणं म्हणजे काय हे जाणवत नाही. त्याचं मन रिकाम्या जागा आपोआप भरत जातं. त्यामुळे कागद कळतो की नाही हे ठरवण्यासाठी ज्याला तो वापरायचा आहे त्याच्याकडेच जावं लागतं.

कॅनबेराची पद्धत

ही वाट नीट आखून दिली ती ऑस्ट्रेलियाने. तिथे १९९३ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीने मिळणाऱ्या नव्या औषधांसाठी रुग्णांकरिता माहितीपत्रक बनवण्याचा नियम लागू होऊ लागला. ते कसं लिहावं, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा कॅनबेराच्या कम्युनिकेशन रिसर्च इन्स्टिट्यूटचे डेव्हिड स्लेस आणि त्यांचे सहकारी रॉब वाइजमन यांनी १९९४ मध्ये एक मार्गदर्शिका तयार केली. तिचं नावच सांगतं की ती कुणासाठी लिहायचं ते विसरत नाही: ‘रायटिंग अबाउट मेडिसिन्स फॉर पीपल’.

स्लेस यांचा आग्रह होता, की माहितीपत्रकाकडे वस्तू म्हणून बघावं. वस्तू चांगली की वाईट हे ती वापरून ठरतं. म्हणून चाचणीत लोकांना ‘हे पत्रक आवडलं का?’, ‘सोपं वाटलं का?’ असं विचारण्यात अर्थ नाही. माणसं भिडस्त असतात. समोरच्याने कष्टाने लिहिलेल्या कागदाला ती ‘छान आहे’ म्हणून मोकळी होतात, आणि न कळलेलं कळलं असंही सांगतात. त्याऐवजी त्यांना काम द्यावं: अमुक गोष्ट या कागदात शोधा, आणि तुम्ही काय कराल ते तुमच्या शब्दांत सांगा.

यातून दोन वेगळे प्रश्न पुढे आले आणि ते आजही या चाचणीचा कणा आहेत. माणसाला माहिती सापडली का? आणि सापडलेली माहिती त्याला कळली का? दोन्हींवर इलाज वेगवेगळे आहेत. सापडली नाही तर मथळे, क्रम, अक्षराचा आकार, मोकळी जागा यांत बदल करायचा. सापडूनही कळली नाही, तर वाक्य बदलायचं.

चाचणी घेतात तरी कशी?

उदाहरणासाठी हाडं ठिसूळ होण्यावर दिलं जाणारं अ‍ॅलेंड्रोनेट हे औषध घेऊ. मासिक पाळी थांबल्यानंतरच्या वयातल्या अनेक बायकांना ते दिलं जातं. त्याची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. सकाळी उठल्यावर, अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा, दूध चालत नाही. गोळी चघळायची नाही. घेतल्यावर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचंही नाही. हे पाळलं नाही तर गोळी अन्ननलिकेत रेंगाळून तिथे जखमा करू शकते, शिवाय अन्नाबरोबर गेलेलं औषध अंगी लागत नाही. म्हणजे इथे औषध जितकं महत्त्वाचं, तितकीच ते घेण्याची रीत.

आता या औषधाच्या माहितीपत्रकाची चाचणी घ्यायची आहे. सुरुवातीला त्यातले सर्वांत महत्त्वाचे मुद्दे निवडले जातात. ज्यांत चूक झाली तर रुग्णाला इजा होईल असे. त्यांवर साधारण १२ ते १५ प्रश्न तयार होतात. प्रश्नांत पत्रकातलेच शब्द वापरायचे नाहीत, नाहीतर माणूस नुसता शब्दाला शब्द जुळवत उत्तर गाठतो. प्रश्नांचा क्रमही पत्रकाच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवायचा. शक्यतो प्रश्न प्रसंगाच्या रूपात विचारायचा. ‘तुम्ही सकाळी उठलात, चहा घेतलात, आणि मग आठवलं की आज गोळीचा वार आहे. काय कराल?’ ‘गोळी घेतली आणि चक्कर आल्यासारखं वाटून पडावंसं वाटलं, तर या कागदात काय सांगितलंय?’ ‘गिळताना छातीत दुखायला लागलं तर?’

मग माणसं निवडायची. डॉक्टर, नर्स, औषध कंपनीतले लोक वगळायचे. ज्या वयाच्या लोकांना ते औषध दिलं जातं त्या वयाचे लोक घ्यायचे. ज्यांच्या रोजच्या कामात लिहिण्या-वाचण्याचा फारसा संबंध येत नाही असेही हवेत, आणि ज्यांनी हे औषध पूर्वी घेतलेलं नाही असेही. कारण ज्याला आधीच माहीत आहे तो कागदाच्या मदतीशिवाय उत्तर देईल आणि कागदातली उणीव झाकली जाईल.

प्रत्येकाची एकेकट्याने मुलाखत होते. खऱ्या आकाराचं, खऱ्या घडीचं, खऱ्या कागदावरचं पत्रक हातात दिलं जातं. संगणकावर मोठं करून दाखवलेला मजकूर चालत नाही. रुग्णाला घरी जे मिळणार तेच इथे हवं. सुरुवातीलाच सांगितलं जातं, की परीक्षा तुमची नाही, या कागदाची आहे. मग एकेक प्रश्न. मुलाखत घेणारा उत्तर तर टिपतोच, पण त्याचं अर्धं लक्ष माणसाच्या हातांकडे आणि डोळ्यांकडे असतं. तो आधी कुठल्या बाजूला वळला? कुठल्या मथळ्याशी थबकला? एकच ओळ दोनदा वाचली का? बोट ठेवून वाचताना कुठे भरकटला? उत्तर अखेरीस बरोबर आलं तरी ते शोधायला खूप वेळ लागला, तर तीही नोंद होते. सगळं मिळून पाऊण तासाच्या आत आटोपायचं, कारण थकलेल्या माणसाच्या उत्तरांवर विसंबता येत नाही.

पहिल्यांदा तीन ते सहा जणांवर प्रश्नांचीच तालीम होते. त्यानंतर दहा जणांची पहिली फेरी. तिच्यात दिसलेल्या अडचणींनुसार पत्रक दुरुस्त करायचं आणि नव्या दहा जणांकडे न्यायचं. समजा, पहिल्या फेरीत बरेच जण ‘डोस चुकला तर’ ही माहिती दुष्परिणामांच्या भागात शोधत बसले. तर तिला ठळक, स्वतंत्र मथळा मिळतो. समजा, आडवं न होण्याची सूचना सापडली, पण किती वेळ ते लक्षात आलं नाही. तर वाक्य तोडून वेळ वेगळ्या ओळीत येते. कागद असा फेरीगणिक सुधारत जातो.

दहा-वीस माणसं पुरेशी कशी, असा प्रश्न वाचकाला पडेल. हे मतदान नाही, त्यामुळे लोकांची टक्केवारी काढून ती देशभराला लावायची नाही. कागदातले दोष शोधायचे आहेत. दहापैकी चार जण एकाच ठिकाणी अडकले, तर त्या ठिकाणी काहीतरी बिघडलं आहे हे सिद्ध करायला आणखी हजार माणसांची गरज नसते.

कायदा झाला

युरोपीय समुदायाने १९९२ सालीच औषधाच्या खोक्यात रुग्णासाठी माहितीपत्रक असावं असा निर्देश काढला होता. पत्रकं आली, पण त्यांतली बरीचशी डॉक्टरांसाठीच्या तांत्रिक मजकुराची थोडी पातळ केलेली आवृत्ती होती. २००४ मध्ये औषधविषयक निर्देशात दुरुस्ती झाली आणि एक महत्त्वाची अट आली: माहितीपत्रक सुवाच्य, स्पष्ट आणि वापरायला सोपं आहे याची खात्री करण्यासाठी, ज्यांना ते औषध दिलं जातं अशा रुग्णगटांशी केलेल्या विचारविनिमयाचं फलित त्यात दिसलं पाहिजे.

ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने ही अट जुलै २००५ पासून नव्या औषधांना लावली आणि आधीपासून बाजारात असलेल्या औषधांची पत्रकंही जुलै २००८ पर्यंत तपासून घेण्यास सांगितलं. हजारो पत्रकं नव्याने लिहिली गेली. लीड्स विद्यापीठातले औषधनिर्माणशास्त्राचे प्राध्यापक थिओ रेनर यांच्यासारख्या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातली पद्धत तिथे रुजवली, आणि हेच काम करणाऱ्या स्वतंत्र संस्थाही उभ्या राहिल्या.

युरोपीय आयोगाच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत उत्तीर्ण होण्याची रेषा स्पष्ट आहे. ९० टक्के साक्षर प्रौढांना विचारलेली माहिती सापडली पाहिजे, आणि ज्यांना सापडली त्यांतल्या ९० टक्के लोकांना ती कळली पाहिजे. गुणाकार केला की ८१ टक्के. एकूण सरासरी चालत नाही. प्रत्येक प्रश्नाला ही रेषा ओलांडावी लागते. चौदा प्रश्नांत उत्तम आणि एका प्रश्नात नापास, तर तो भाग पुन्हा लिहायचा. कारण तो एक प्रश्न कदाचित गर्भवतीने हे औषध घ्यावं की नाही याबद्दलचा असेल.

‘सामान्यतः’ म्हणजे किती जणांना?

लोकांना विचारल्याशिवाय जे कधी कळलंच नसतं, असं काही या संशोधनातून पुढे आलं. दुष्परिणामांचं उदाहरण बोलकं आहे. युरोपात ‘कॉमन’, म्हणजे सामान्यतः आढळणारा दुष्परिणाम, या शब्दाची अधिकृत व्याख्या आहे: शंभरात एक ते दहा जणांना होणारा. ‘रेअर’, म्हणजे दुर्मिळ, याचा अर्थ हजारात एकापेक्षा कमी. तज्ज्ञांनी शब्द ठरवले, व्याख्या ठरवल्या. मात्र रुग्ण वाचतो तो शब्द. व्याख्या त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

पीटर नॅप, थिओ रेनर आणि डायॅन बेरी यांनी २००४ मध्ये याची तपासणी प्रसिद्ध केली. कोलेस्टेरॉलवरचं औषध घेणाऱ्या रुग्णांच्या एका गटाला दुष्परिणामांची शक्यता शब्दांत सांगितली, दुसऱ्या गटाला आकड्यांत. बद्धकोष्ठता हा ‘सामान्य’ दुष्परिणाम. प्रत्यक्षात तो शंभरात सुमारे अडीच जणांना होतो. शब्द वाचलेल्या गटाचा सरासरी अंदाज निघाला ३४ टक्के. आकडा वाचलेल्या गटाचा ८ टक्के. स्वादुपिंडाचा दाह हा ‘दुर्मिळ’ दुष्परिणाम तर शब्द वाचणाऱ्यांना १८ टक्के लोकांना होत असेल असं वाटलं.

याचा परिणाम घरात दिसतो. माणूस कागद वाचतो, घाबरतो आणि डॉक्टरांना न सांगता गोळी बंद करतो. म्हणून आता ‘दर शंभरातल्या दहा जणांपर्यंत होऊ शकतो’ अशी आकड्यांची जोड युरोपातल्या पत्रकांत दिसते.

दुकानातून थेट घेताना

अमेरिकेत या चाचण्यांना वेगळं वळण मिळालं. तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषध विकायची परवानगी मागायची, तर कंपनीला लेबल कळतं की नाही हे दाखवावं लागतं. शिवाय ते वाचून ‘हे औषध माझ्यासाठी आहे की नाही’ हे ग्राहक बरोबर ठरवतो का, याचीही चाचणी द्यावी लागते. मर्क कंपनीला कोलेस्टेरॉलवरचं लोव्हास्टॅटिन दुकानात थेट विकायचं होतं. २०००, २००५ आणि २००७ अशा तीन वेळा तज्ज्ञ समितीपुढे हा प्रस्ताव गेला आणि अडला. औषध वर्षानुवर्षं वापरातलं होतं, पण ज्यांनी ते घ्यायला नको असे अनेक जण लेबल वाचूनही ते घ्यायला तयार होत होते.

नॅलॉक्सोनची गोष्ट याच्या उलट. अफूजन्य औषधांच्या अतिसेवनाने श्वास मंदावलेल्या माणसाला ते वाचवतं. अशा प्रसंगी ते वापरणारा बहुधा शेजारी, मित्र किंवा घाबरलेला नातेवाईक असतो. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने पुढाकार घेऊन स्वतःच चित्रांसह नमुना लेबल तयार केलं, ७०० हून अधिक लोकांवर त्याची चाचणी घेतली आणि २०१९ मध्ये ते सर्व कंपन्यांसाठी खुलं केलं. मार्च २०२३ मध्ये नॅलॉक्सोनच्या नाकातल्या फवाऱ्याला चिठ्ठीशिवाय विक्रीची परवानगी मिळाली. सरकारी यंत्रणा स्वतः लेबल लिहून लोकांकडून तपासून घेऊ शकते, याचं हे ठळक उदाहरण आहे.

चाचणीच्या मर्यादा

चाचणी झाली म्हणजे सगळं साधलं असं नाही. युरोपीय आयोगाने २०१७ साली आपल्या संसदेला सादर केलेल्या अहवालात कबूल केलं, की माहितीपत्रकांची भाषा अजूनही अनेकदा अवघड असते, मांडणी सोयीची नसते, आणि वृद्ध तसंच कमी शिकलेल्या लोकांना त्याचा जास्त त्रास होतो. चाचणीत माणसाला कागद वाचायला बसवलेलं असतं. घरी तो कागद उघडेलच असं नाही. शिवाय सगळी पत्रकं ठरावीक साच्यात लिहावी लागतात, आणि साच्यातलंच वाक्य अडचणीचं असेल तर लेखकाचे हात बांधलेले राहतात. काही कंपन्यांसाठी चाचणी हा परवान्याच्या फायलीत लावायचा एक कागद होऊन बसतो.

ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न त्याहून मोठा. दक्षिण आफ्रिकेतल्या ऱ्होड्स विद्यापीठात रॉस डाउझ आणि मार्टिना एहलर्स यांनी यावर महत्त्वाचं काम केलं. अमेरिकेत तयार झालेली औषधविषयक चित्रं त्यांनी कमी शिकलेल्या खोसाभाषक लोकांना दाखवली आणि त्याच अर्थाची, स्थानिक लोकांना विचारून काढलेली चित्रंही दाखवली. स्थानिक चित्रं लोकांना अधिक चांगली कळली. पुढच्या अभ्यासात अशी चित्रं असलेली लेबलं वापरणाऱ्यांनी प्रतिजैविकांचा डोस अधिक नीट पूर्ण केला. चित्र आपोआप सर्वांना कळतं हा समजही तपासून घ्यावा लागतो, हे यातून दिसलं.

आपल्याकडचा कागद

भारतात औषधाच्या खोक्यातून जो बारीक अक्षरांचा कागद निघतो, त्याच्या माथ्यावर अनेकदा लिहिलेलं असतं, की हा मजकूर फक्त नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या वापरासाठी आहे. मजकूर इंग्रजीत असतो. म्हणजे तो रुग्णाच्या हातात पडतो, पण रुग्णासाठी लिहिलेला नसतो. पट्टी कापून सुट्या गोळ्या दिल्या तर तोही मिळत नाही. ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड बंधनकारक झाला, ही चांगली गोष्ट. मात्र त्यात औषधाचं नाव, कंपनी, बॅच क्रमांक, उत्पादन आणि मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक असा तपशील असतो. औषध बनावट नाही याची खात्री त्यातून होते. ते कसं घ्यावं हे त्यात सांगितलेलं नसतं.

मराठी घरात औषधाची लिखित माहिती पोचते ती दुसऱ्याच वाटांनी. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं ‘१-०-१’, मेडिकलवाल्याने पाकिटावर पेनने मारलेल्या खुणा, मुलाने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलेला उतारा. त्यातली एकही गोष्ट कळते की नाही हे कुणी पद्धतशीर तपासलेलं नसतं. आठवड्यातून एकदाच घ्यायचं मेथोट्रेक्झेट इथेही संधिवाताच्या कितीतरी रुग्णांना दिलं जातं. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. युरोपीय औषध संस्थेला २०१९ मध्ये या चुका टाळण्यासाठी खोक्यावर ठळक इशारा आणि रुग्णासाठी वेगळं कार्ड अशी पावलं उचलावी लागली. ‘१-०-१’च्या सवयीत वाढलेल्या चिठ्ठीवर ‘फक्त रविवारी’ हे कसं लिहिलं तर चुकणार नाही, हे आपल्या दवाखान्यांत दहा रुग्णांना विचारून ठरवता येईल.

युरोपात जाणारा कागद आणि आपल्याकडचा कागद यांतली तफावत बोचणारी आहे. गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आणि महाराष्ट्रातल्या अनेक कारखान्यांत युरोपच्या बाजारासाठी गोळ्या बनतात. त्या गोळ्यांच्या खोक्यात जाणारं माहितीपत्रक युरोपीय कायद्यानुसार रुग्णांकडून तपासलेलं असावं लागतं. इथल्या भारतीय कंपन्यांना ही प्रक्रिया परकी नाही; परवाना मिळवण्यासाठी त्या ती पार पाडतात. तोच कारखाना, तेच औषध, पण वेर्ण्याच्या शेजारच्या गावात राहणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला तो कागद येत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सात वर्षांवरचे ८२.३ टक्के लोक साक्षर होते. म्हणजे सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं पत्रक बहुसंख्य घरांत कुणीतरी वाचू शकेल, आणि उरलेल्यांसाठी चित्रं तपासून घेता येतील. इंग्रजी पत्रकाचं नुसतं भाषांतर करून भागणार नाही. लिव्हर लिहावं की यकृत, ‘दर आठ तासांनी’ लिहावं की घड्याळाच्या वेळा द्याव्यात, हे चाचणीतली माणसंच सांगतील. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक खोली, एक छापील कागद, नीट तयार केलेले पंधरा प्रश्न आणि वेगवेगळ्या वयाची वीस माणसं लागतात. महाराष्ट्रात गावोगावी औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं आहेत. मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग, दमा अशा नेहमीच्या आजारांवरच्या पन्नास औषधांची मराठी पत्रकं त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून लिहावीत, जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या रुग्णांकडून तपासून घ्यावीत आणि सर्वांसाठी खुली करावीत. केंद्र सरकारनेही औषध नियमांत रुग्णांसाठीच्या, स्थानिक भाषेतल्या आणि तपासलेल्या माहितीपत्रकाची अट घालायला हवी. कारखान्यांना ती जमते, हे निर्यातीने दाखवून दिलेलं आहे.

ते होईपर्यंत प्रत्येक घराला एक गोष्ट करता येईल. घरात नवं औषध आलं, की जो ते घेणार आहे त्यालाच तीन प्रश्न विचारावेत: पुढची गोळी केव्हा आणि कशाबरोबर घेणार? एखादा डोस राहिला तर काय करणार? कोणता त्रास झाला तर लगेच डॉक्टरांकडे जाणार? ‘कळलं’ एवढं उत्तर पुरेसं मानू नये. त्याने ते स्वतःच्या शब्दांत सांगावं आणि पट्टीवर बोट ठेवून दाखवावं. तिन्हींपैकी एकाचंही उत्तर अडलं, तर त्याच दिवशी मेडिकलमध्ये परत जावं आणि तिथल्या फार्मासिस्टकडून समजून घ्यावं. औषध देताना रुग्णाला समजावून सांगणं हे त्यांचं काम आहे, असं फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या नियमांतच लिहिलेलं आहे.